फोनवरच्या ठगाला नकार द्यायची तालीम वाड्यावर कशी घ्यावी

सायबर फसवणुकीवरची व्याख्यानं आता गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात गावोगावी होतात. पंचायतीच्या सभागृहात होतात, हायस्कुलात होतात, स्वयंसहाय्य गटांच्या बैठकांत होतात. वक्ते कळकळीने सांगतात, लोक माना डोलावतात, शेवटी चहा-बिस्किटं होतात. अशी व्याख्यानं व्हायलाच हवीत. पण तेवढ्याने भागत नाही. फसलेली जी माणसं मला भेटली, त्यांतल्या बऱ्याच जणांना ओटीपी कुणाला द्यायचा नाही हे आधीपासून ठाऊक होतं.

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली आणि उरलेला वेळ जत्रेची नि चवथीची नाटकं बसवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणींनी वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, तालमी सुरू केल्या. नाटकाच्या असतात तशाच, फक्त संहिता ठगाची. त्या कशा घ्यायच्या ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हालाही तुमच्या वाड्यावर घेता येतील. खर्च काही नाही. चार खुर्च्या, एक दार आणि दोन फोन पुरतात.

तालीमच का, ते एका प्रसंगावरून सांगते. माझा भाचा देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या खोल्यांत) दाराआड उभा राहून सीबीआयचा अधिकारी झाला होता. समोर खुर्चीवर वाड्यावरच्या एक काकी, निवृत्त शिक्षिका. दाराआड कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच त्याच्या हातात चहाचा कप दिला होता. तरी आतून खडा आवाज आला, "मॅडम, आधार कार्ड निकालिए, जल्दी," आणि काकींचा हात पर्सच्या चेनकडे गेला. चेन अर्धी उघडल्यावर त्या थबकल्या, आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मी काय करतेय?" कुणी हसलं नाही. प्रत्येकीला आपलाच हात दिसला होता. डोक्याला सगळं ठाऊक होतं, हाताला नव्हतं. ही तालीम हातासाठी करायची असते.

ठगाचं बळ कशात असतं

सुरुवात करण्याआधी, जो कुणी तालीम बसवणार असेल त्याने एवढं नीट समजून घ्यावं.

मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं ऐकावं, कुणी विचारलं तर उत्तर द्यावं, फोन तोंडावर आपटू नये, अडलेल्याला मदत करावी. हे सगळं आपणच मुलांना शिकवलं. ठग नेमका याच चांगल्या सवयींना हात घालतो. त्यामुळे फसलेल्याला मूर्ख म्हणणारा माणूस तालमीला घेऊच नका, तो सगळ्यांची तोंडं बंद करतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅस यांनी १९९९ सालीच संगणक-सुरक्षेवाल्यांना बजावलं होतं की वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे. तो नियम मोडतो तेव्हा बहुतेकदा नियमच त्याच्या रोजच्या कामात बसत नसतो. पासवर्डबद्दल त्यांनी म्हटलेलं फोनवरच्या ठगीलाही तंतोतंत लागू पडतं.

हुकमाचं बळ किती असतं हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली दाखवून दिलं. करड्या कोटातला एक माणूस सांगायचा, शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या, आणि दर चुकीला झटका वाढवा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरेच वाटत. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. साधी, नोकरीधंदा करणारी माणसं होती ती. पुढे मिलग्रॅम यांनी एक बदल केला: कोटवाला खोलीतून बाहेर जाऊन फोनवरून हुकूम देऊ लागला. लगेच शेवटपर्यंत जाणारे पाचांत जेमतेम एक उरले. हुकूम देणारा नजरेसमोर असेल तरच त्याचा धाक पुरा लागतो. आता बघा, ठग व्हिडिओ कॉलचा हट्ट का धरतात. अंगात गणवेश, मागे झेंडा, भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. दूर गेलेला कोटवाला ते परत खोलीत आणून बसवतात. म्हणून आमच्या तालमीतली पहिली हालचाल, व्हिडिओ बंद करणे.

दुसरा प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५१ चा. रेघांची लांबी ओळखायची, अगदी सोपं काम. पण खोलीतली बाकी सगळी माणसं आधीच ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि एकटा पडलेला माणूस बऱ्याचदा स्वतःचे डोळे सोडून त्यांच्याबरोबर जाई. त्यांच्यात खरं बोलणारा एक जरी सोबती बसवला, तर तसं वाहवत जाणं साधारण चौथ्या हिश्श्यावर येई. फक्त एक सोबती! ठगाला हे ठाऊक आहे. म्हणूनच "खोलीचं दार लावा, घरात कुणाला सांगू नका, सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल" हे त्याचं पहिलं वाक्य असतं. सगळ्या तालमीचं सार मी यातच बघते. माणूस एकटा पडला नाही तर ठगाचं पुढचं काही चालत नाही.

जागा, माणसं, भाषा

आठ-दहा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की सभा होते आणि म्हातारी माणसं बोलायची बंद होतात. दोन पिढ्या हव्यात, कारण ठगाशी आईवडील बोलतात आणि त्यांना सावरायचं काम मुलांना, सुनांना, नातवंडांना करायचं असतं. वाड्यावर एकटी राहणारी माणसं असतील, मुलं आखातात किंवा पोर्तुगालला असतील, तर त्यांच्या घरी जाऊन बोलावून आणा. निरोपावर ती येत नाहीत.

ठगाचं काम नेहमी दाराआडून किंवा फोनवरून करवून घ्या. समोर उभं राहून केलं तर ते विनोदी होतं. ठग कोण करणार तेही विचारपूर्वक ठरवा. नाटकात खलनायक करणारा मोठ्या आवाजाचा कलाकार आधी मनात येतो, पण खरा ठग सुरुवातीला फार मृदू बोलतो. "सर, मला ठाऊक आहे तुम्ही निर्दोष आहात, मी तुम्हाला यातून सोडवतो." धमकी एक जण देतो, मदतीचा हात दुसरा पुढे करतो, आणि पैसे जातात ते या दुसऱ्याकडे. दोन्ही भूमिका बसवा.

भाषेकडे लक्ष द्या, ते फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडची वडीलधारी माणसं घरात कोंकणी बोलतात, वाचतात आणि भजन म्हणतात मराठीत. हिंदी त्यांना टीव्हीवरून आलेली. त्या भाषेत त्यांना भांडता येत नाही, नकार देता येत नाही, फक्त "जी सर, जी सर" येतं. ठगाचा फोन हिंदीत किंवा इंग्रजीत येतो आणि माणूस पहिल्याच वाक्याला दोन पायऱ्या खाली उतरतो. आमच्या तालमीत सक्त नियम आहे की ठगाने हिंदीच बोलायचं आणि समोरच्याने आपल्याच भाषेत उत्तर द्यायचं. "म्हज्या पुताक विचारल्याबगर हांव कांयच करिना. फोन दवरतां." म्हणजे, माझ्या मुलाला विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही, फोन ठेवते. हे वाक्य कोंकणीत म्हणताना त्याच काकींचा आवाज केवढा बदलला! हिंदीत त्या विद्यार्थिनी होत्या, कोंकणीत बाई झाल्या.

नकाराचं वाक्य प्रत्येकाचं वेगळं असू द्या, स्वतःच्या तोंडात बसणारं. मात्र त्याची सांगड एखाद्या खुणेशी घाला: पैसे हा शब्द आला की मी फोन ठेवणार, कुणाला सांगू नका असं म्हणाला की मी शेजारच्या वहिनींना हाक मारणार. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं आहे की "मी सावध राहीन" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं ठरवलेलं माणसाच्या हातून जास्त वेळा होतं. घाबरल्यावर विचार सुचत नाही, पण बांधून ठेवलेली जोडी आपसूक चालू होते. वाक्य ठरलं की ते मोठ्याने म्हणून घ्या. मनातल्या मनात म्हटलेलं तालमीत धरायचं नाही.

संहिता

संहिता सध्याच्याच घ्या. जुन्या घेतल्या की लोकांना वाटतं, हे आपल्याला ठाऊकच आहे.

पहिली संहिता अटकेची. आधी ध्वनिमुद्रित आवाज येतो: तुमचं सिम दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी अमुक आकडा दाबा. किंवा तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग फोन "पोलिसांकडे" जोडला जातो, व्हिडिओ सुरू होतो, व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं पत्र येतं आणि शेवटी, "तपासणीसाठी सगळे पैसे या खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत." या संहितेत माणसाला तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. झोपतानासुद्धा फोन चालू ठेवायला सांगतात.

तालीम झाल्यावर लगेच, ताजं असतानाच, हे सांगा. व्हिडिओवरच्या या अटकेला ठग डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण तशी कुठलीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केलं आहे. हे वाक्य आमच्या लोकांना फार धीर देतं. पोलिसांचं काम असेल तर पोलीस घरी येतील किंवा ठाण्यावर बोलावतील, आणि ठाण्यावर जाताना आपण वाड्यावरच्या दोघांना बरोबर घेऊ शकतो.

दुसरी संहिता आपल्या गोव्याच्या धंद्याची. आपल्याकडे कितीतरी घरं पाहुण्यांना खोल्या देतात. फोन येतो: मी फौजेत आहे, आमची दहा माणसं येणार, चार दिवस राहणार, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. फौजी म्हटल्यावर आपण मान देतो, आणि एवढं मोठं बुकिंग हातचं जाऊ नये असंही वाटतं. मग तो क्यूआर कोड पाठवतो, "हा स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील." पिन टाकला की पैसे जातात. यायला पिन कधीही लागत नाही, स्कॅनही लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवायची सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, बंद केली. एक दार बंद झालं. क्यूआर आणि लिंकची दारं उघडीच आहेत. ही तालीम दोन फोन हातात घेऊन प्रत्यक्ष करा. एक रुपया पाठवा, एक रुपया घ्या आणि घेणाऱ्याला काहीच दाबावं लागलं नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. मी काउंटरवरून हे तोंडी सांगत आले, पण लोकांना पटलं ते या एका रुपयाने.

तिसरी संहिता फाइलची. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलन, विजेचं बिल, सरकारी योजनेचा अर्ज अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असं असतं, म्हणजे ती फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. ती उघडून परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस दुसरा कुणी वाचू लागतो, ओटीपीसकट. कधी फाइल ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधीच ठगाच्या ताब्यात गेलेला असतो. "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार" हा निरोपही याच जातीतला. गोव्यात वीज सरकारी विद्युत खातं देतं. शंका आली तर आपल्या भागातल्या कार्यालयात विचारून या. पत्रिकेबद्दल आमच्या वाड्याचा नियम सोपा आहे. पत्रिका फोनवर आली तरी ज्याच्या घरचं लग्न त्याला फोन करून विचारायचं. त्यालाही बरं वाटतं.

चौथी संहिता एका बैठकीत बसत नाही, कारण ती महिना-दोन महिने चालते. शेअर बाजाराचा गट. शंभरेक जणांच्या गटात तुम्हाला घेतात. रोज कुणीतरी नफ्याचं चित्र टाकतं, कुणी "सरां"चे आभार मानतं. ती सगळी माणसं एकाच टोळीची असू शकतात. ॲश यांच्या खोलीसारखंच हे. तुम्ही छोटी रक्कम घालता, ती वाढून परत मिळतेसुद्धा. इथेच माणूस अडकतो. कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ साली घरमालकांना विचारलं होतं, अंगणात "जपून चालवा" असा मोठा, बेढब फलक लावू का? एरवी शंभरात सतराच जण हो म्हणाले. ज्यांनी आधी याच विषयाची लहानशी पाटी खिडकीत लावायचं मान्य केलं होतं, त्यांच्यात शंभरात शहात्तर हो म्हणाले. लहान होकार माणसाला मोठ्या होकारापर्यंत नेतो. ही संहिता आम्ही मोठ्याने वाचतो, एकेक दिवसाचे निरोप एकेक जण, आणि ऐकणाऱ्याने हात वर करायचा तो "मी इथे थांबले असते" असं वाटेल तिथे. हात फार उशिरा वर येतात. त्यावर बोलायला वेळ ठेवा. बोलणं पैशावर कमी आणि एकटेपणावर जास्त जातं. गटातली माणसं रोज सकाळी "जेवलात का, औषध घेतलंत का" विचारत होती, असं कुणीतरी सांगतंच.

बँकेत गेलात तर

हे मी काउंटरच्या आतून बघितलं आहे, म्हणून वेगळं लिहिते. ठग माणसाला बँकेत पाठवतो तेव्हा फोन चालूच ठेवायला लावतो. शर्टच्या खिशात फोन, पलीकडे ठग ऐकतोय, आणि माणूस मुदत ठेव मोडायचा अर्ज देतो. काउंटरवरच्याने विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलेलं असतं: घर घेतोय, मुलाच्या शिक्षणाला हवेत. चेहरा मात्र घर घेणाऱ्याचा नसतो.

अशा वेळी बोलता येत नाही, पण लिहिता येतं. पैसे भरायच्या स्लिपच्या मागे "मला फोनवर धमकावत आहेत, माझ्या मुलीला बोलवा" एवढं लिहून पुढे सरकवायचं. आम्ही याची तालीम घेतो: खिशात चालू फोन, हातात पेन, समोर टेबल. लिहिताना हात थरथरतो, म्हणून दोन-तीनदा लिहून घ्या. आणि बँकेत किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना हात जोडून सांगते, मोठी ठेव घाईने मोडायला आलेल्या वृद्धाला आत नेऊन बसवा, फोन बाहेर ठेवायला सांगा आणि पाणी द्या. पाच मिनिटं गेली तर रांगेतलं कुणी मरत नाही.

घरच्यांची तालीम

ही तालीम बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी.

बाबा संध्याकाळी सांगतात, "अरे, माझ्या खात्यातून पैसे गेले वाटतं." मुलाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "कितीदा सांगितलं होतं तुम्हाला!" पुढच्या वेळी बाबा सांगत नाहीत. शेजारी ऐकतात, तेही सांगत नाहीत. ठगाला आणखी दोन दिवस मिळतात. पैसे परत मिळायची आशा पहिल्या काही तासांतच असते, आणि ते तास शरमेत जातात.

म्हणून तालमीत मुलगा, सून, नात यांना समोर बसवा आणि पहिलं वाक्य घोटून घ्या. आमचं वाक्य आहे, "सांगितलंत ते बरं केलंत. किती वाजता झालं?" एवढंच. किती गेले हेसुद्धा दुसऱ्या वाक्यात. का दिलेत, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण तरुण मुलांना हे वाक्य रागाचा सूर न लावता म्हणायला जमत नाही. "किती वाजता?" तेच शब्द पोलिसी आवाजात निघतात. पुन्हा म्हणायला लावा. एका मुलाने तर तालमीत हे वाक्य म्हणता म्हणता आईचा हात धरला आणि ती रडायला लागली. तिच्या बाबतीत खरोखरच तसं घडून गेलं होतं आणि तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. अशी वेळ तुमच्या तालमीतही येईल. संहिता बाजूला ठेवा, पडदा पाडा आणि त्या माणसाबरोबर बसा. त्या दिवशी तेवढंच काम.

पैसे गेल्यावर

पहिला फोन १९३० ला. हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांत गेले तिथे ते रोखून धरायची खटपट लगेच सुरू होते. लागला नाही तर लावत राहा, आणि तोवर दुसऱ्याने बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगावं. ही दोन माणसांची कामं आहेत, म्हणूनच एकट्याने करू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे जबाबदारी कुणाची हे ठरताना तुम्ही कधी कळवलंत याला मोठं वजन आहे.

निरोप, चित्रं, फोन नंबर, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक यातलं काहीही पुसू नका. लाज वाटून माणसं आधी सगळे निरोप पुसतात आणि पुरावा जातो. एपीके उघडली असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका आणि पुढचे सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे, पण जवळच्या ठाण्यावरही जाता येतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी खबर नोंदवता येते. आणि "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा कुणी पुढच्या आठवड्यात फोन करील. तोही ठगच.

फोनमधल्या चार गोष्टी

हे काम नातवंडांना द्या, तालमीच्या शेवटी होऊन जातं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे जादा पिन, लावायचं. बँकेच्या ॲपमध्ये रोजची पैसे पाठवायची मर्यादा गरजेपुरती खाली आणायची. पेन्शन आणि ठेवींचं खातं यूपीआयपासून वेगळं ठेवून रोजच्या खर्चाला दुसरं छोटं खातं वापरायचं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायचं. फसवे वाटणारे फोन आणि निरोप तिथल्याच "चक्षु" सोयीवर कळवता येतात. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन असे संपतात, तेही दाखवून ठेवा.

पुन्हा पुन्हा

एकदा घेऊन ही तालीम संपत नाही. विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच, उत्तरासकट, मिळाली तर पुढचा मोठा मारा माणूस जास्त सहन करतो. लशीवरूनच त्यांनी ही कल्पना घेतली होती. लशीसारखाच त्याचा जोर ओसरतो, म्हणून बूस्टर लागतो. आम्ही चवथीच्या आधी एक घेतो, कारण तेव्हा सगळी मुलं गावात येतात आणि घरच्यांची तालीम त्यांच्याशिवाय होत नाही. दुसरी जत्रेच्या सुमारास. नव्या संहिता वर्तमानपत्रात रोज सापडतात. कात्रणं काढून ठेवायचं काम वाचनालयातल्या कुणाकडे तरी सोपवा.

दुसऱ्या खेपेला भूमिका उलटवा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक ऑनलाइन खेळ काढला, त्यात खेळणाऱ्याला खोट्या बातम्या पसरवणाऱ्याची भूमिका करावी लागते. तसं खेळून झाल्यावर माणसं ती युक्ती लवकर ओळखू लागतात. आमच्याकडेही तसंच झालं. ज्या काकींचा हात पर्सकडे गेला होता त्यांना आम्ही दाराआड उभं केलं आणि ठगाची संहिता हातात दिली. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि स्वतःची वाक्यं घातली: "घरात कोण कोण आहे? मुलगा कधी येतो?" समोरच्या खुर्चीवरच्या आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि म्हणाले, "फोन दवरतां."